गंगव्वाला मी काय सांगितलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही – आणि आईला तर सांगायलाच हवं होतं, कारण ज्या भाषेत मी हे केलं ती तिच्याकडून आली. कॉलेजात असताना डायरी लिहायचे. त्यात त्या दिवसाचं पान मी सरळ कोरं सोडलं. आज तुम्हाला सांगतेय. आजच का, ते पुढे येईल. एक मात्र आधीच सांगून ठेवते – मधेच "जाऊ द्या हो, लहान होतात तेव्हा" असं म्हणायचं असेल तर इथेच थांबा. ते मी स्वतःला चौदा वर्षं ऐकवलंय. त्याचा काही उपयोग होत नाही.

तर – मी देगलूरची. वडील तिथेच शाळेत मास्तर, घर मराठी. आई सीमेपलीकडची, तेलंगणातली. आमच्या भागात याचं कुणाला नवल नाही. आमच्या गल्लीतल्या तीन सुना तिकडच्या होत्या. स्वयंपाकघरात तेलुगू, ओसरीवर मराठी, आणि बाजारात दोन्हींत हिंदी कालवून काम भागायचं. शाळेत असताना मला त्या तेलुगूची लाज वाटायची. आई शाळेत डबा द्यायला आली की मी तिच्याशी मुद्दाम मराठीत बोलायचे, आणि ती बिचारी मोडक्या मराठीत उत्तर द्यायची.

मग बी.ए.ला नांदेडला आले आणि त्याच भाषेला अचानक भाव आला. आमच्या एका सरांनी तिथल्या एका मोठ्या दवाखान्याशी बोलून विद्यार्थ्यांचा मदत कक्ष सुरू केला. मदत कक्ष म्हणजे केसपेपरच्या खिडकीशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या. सीमेपलीकडून पेशंट येतात, त्यांना मराठी येत नाही, डॉक्टरांना तेलुगू येत नाही – मधे आम्ही उभं राहायचं. आम्ही चौघं होतो. छातीवर बिल्ला, त्यावर मराठीत आणि तेलुगूत लिहिलेलं, 'मला तेलुगू येते'. खरं सांगू? तो बिल्ला लावून बसस्टॉपवर उभं राहायला मला फार आवडायचं. लोक वाचायचे. कुणी कुणी थांबून कौतुक करायचं.

मी काम वाईट करत होते असं समजू नका. चांगलं करायचे. कुणाला किती दिवसांपासून ताप आहे, कोणती गोळी घेतली, कुठे दुखतं – सगळं नीट विचारायचे, नीट सांगायचे. म्हातारी माणसं माझा हात धरून बसायची. आपल्याकडची पोरगी, म्हणायची. हे सगळं खरं आहे. पण हे सांगण्यात मी वेळ काढतेय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

गंगव्वा श्रावणात आली. पन्नाशीची असेल, दिसायला साठीची. बोधनकडची. मुलगा सायलू नांदेडला फरशी बसवायच्या कामावर होता, तो तिला घेऊन आला होता. बायकांच्या तपासणीला मुलाला आत सोडत नाहीत, म्हणून सिस्टरनी मला बोलावलं. तपासण्यांसाठी ती तीनदा आली, तिन्ही वेळा मीच होते. आणि दवाखान्यात तपासणी पाच मिनिटांची, बसणं चार तासांचं. त्या बाकावर बसून ती माझ्याशी बोलली. पोटभर बोलली. नांदेडला आल्यापासून तिच्याशी तेलुगूत बोलणारं मुलगा-सुनेशिवाय कुणी नव्हतं, आणि जे बोलायचं होतं ते मुला-सुनेपुढे बोलण्यासारखं नव्हतं.

तिला एक मुलगी होती. राजिता. सात वर्षांपूर्वी राजिताने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, आणि घराने तिचं नाव टाकलं. तुम्हाला हे सगळं ओळखीचंच असेल, त्यात मी पडत नाही. लग्नानंतर वर्षभराने राजिता तान्ही मुलगी घेऊन आईच्या दारात आली होती. दार बंद झालं. तिला वाटलं – सगळ्या गावाला वाटलं – की दार सायलूने लावलं आणि आई आत मागच्या अंगणात होती. गंगव्वाने मला सांगितलं, दार मी लावलं. कडी माझ्या हाताने घातली. आणि दाराला हात टेकून मी आत उभी होते बिड्डा, ती जाईपर्यंत. पोर रडत होती. माझ्यासारखाच घोगरा आवाज आहे तिचा.

बिड्डा म्हणजे लेकरू. ती मला तेच म्हणायची.

राजिता बोधनलाच होती, तिच्या गावापासून तासाभरावर, आणि सहा वर्षांत गंगव्वा एकदाही गेली नव्हती. सायलूचा शब्द होता – तिकडे गेलीस तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. म्हातारपण त्याच्याच दारात काढायचं होतं. हे तिने रडत वगैरे नाही सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

तिसऱ्या वेळी रिपोर्ट आले. पिशवीचा कॅन्सर, आणि पसरलेला. डॉक्टर मॅडम भल्या होत्या, घाईत असूनही भल्या होत्या. सायलूला त्यांनी हिंदीत सगळं सांगितलं. काही महिने, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "आईंना तू सांग. सगळं नको, पण आजार मोठा आहे आणि हातात वेळ थोडा आहे, हे त्यांना त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे. बाहेर निवांत बस त्यांच्याजवळ. झालं की मला येऊन सांग."

दाराबाहेर येताच सायलूने मला बाजूला घेतलं. डोळे लाल. मी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणाला. "अक्का, अम्माला सांगू नको. घाबरूनच मरेल ती."

यात त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्याकडे असंच करतात. माझ्या आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. सगळं घर त्यांच्यापुढे हसून खेळून असायचं. पेशंटला सोडून सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी त्या बाकावर सांगायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. माझ्यावर होती, आणि मला ती डॉक्टरांनी दिली होती.

मी गंगव्वाजवळ बसले. तिने सायलूला चहा आणायला पाठवलं. तो गेल्याची खात्री केली. मग माझं मनगट धरून म्हणाली, "निजम चेप्पु, बिड्डा." खरं सांग.

आणि का विचारते तेही तिने सांगितलं. मी मरणार असेन तर आज इथूनच बोधनची गाडी धरते, म्हणाली. राजिताच्या दारात जाऊन बसते. मग सायलूने घरात घेतलं नाही तरी किती दिवसांचा प्रश्न आहे? पण मी बरी होणार असेन, तर आत्ता घर मोडत नाही. बतुकम्मा – तिकडचा नवरात्रातला फुलांचा सण – झाल्यावर सायलूला मीच समजावते, त्याला घेऊनच जाते. तिने सगळा हिशोब मांडून ठेवला होता. त्यात फक्त एकच गोष्ट हवी होती, ती माझ्याकडे होती.

आता मला सांगा – याहून स्पष्ट कुणी विचारू शकतं?

मी म्हणाले, "तक्कुवैतदि, अम्मा." बरं होईल. पोटात सूज आहे, गोळ्या तीन महिने घ्यायच्या, बतुकम्माला नाचशील. हे 'नाचशील' तर माझ्या पदरचं. सायलूने तेवढंही सांगायला सांगितलं नव्हतं.

तिने माझं मनगट सोडलं. चेहऱ्यावरून हात फिरवला माझ्या. सायलू चहा घेऊन आला, तिने अर्धा बशीत ओतून मला दिला, मी प्याले.

मग मी आत जाऊन मॅडमना म्हणाले, "सांगितलं, मॅडम." त्यांनी विचारलं, "कसं घेतलं त्यांनी?" मी म्हणाले, "शांतपणे." खोटं बोलायचं म्हटलं की माझी मराठीही तेलुगूइतकीच चांगली चालते.

इथे तुम्ही म्हणणार, मुलीने मुलाचा शब्द पाळला. दयेपोटी केलं. नाही. दयेचं नाव घेऊ नका. मी का केलं ते मला पक्कं माहीत आहे. त्या दिवशी दीड वाजता कॉलेजात आमचा सत्कार होता. चौघांचा, नारळ-शाल देऊन. मी आईची मोरपंखी साडी नेसून दवाखान्यात आले होते. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात एक वाजायला दहा मिनिटं होती. खरं सांगितलं असतं तर मला तिथे बसावं लागलं असतं. ती रडली असती, कदाचित माझ्या खांद्यावर. सायलू आरडाओरडा करत आला असता. बोधनची गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, ते विचारून तिला बसस्टँडवर न्यावं लागलं असतं. खोटं दोन मिनिटांत उरकलं. बाहेर पडताना सिस्टर म्हणाल्यासुद्धा, "लवकर झालं गं तुझं आज. नाय तर लई येळ लावतीस." मी रिक्षाने वेळेत पोचले. पाहुणे म्हणाले, या मुलीने भाषेने माणसं जोडली. टाळ्या झाल्या, मी नमस्कार केला. फोटो अजून देगलूरच्या घरी आहे.

एवढंच असतं तर? एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं, हेही सांगून टाकते. कारण एवढ्याची माझी मी समजूत घातली होती. सगळेच करतात, मुलाने हात जोडले होते, तिचे दिवस तरी सुखात गेले. या समजुतीवर मी तीन महिने आरामात झोपले.

दिवाळीनंतर, कॉलेज उघडलं त्या आठवड्यात, मी टेबलाशी बसले होते. एक बाई आली. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी. मागे नवरा, हातात हेल्मेट. तिने वॉचमनला काहीतरी विचारलं आणि वॉचमनने माझ्याकडे बोट दाखवलं. ती चालत यायला लागली, आणि तिचा आवाज कानावर पडायच्या आधी मला कळलं – कपाळ तेच, चालायची ढब तीच. मी बिल्ला काढला. ओढणीखाली धरला. का काढला? मला अजून काहीच माहीत नव्हतं, गंगव्वा जिवंत आहे की नाही तेसुद्धा. पण हाताला माहीत होतं.

तिने मोडक्या हिंदीत विचारलं, इथे एक तेलुगू बोलणारी मुलगी बसायची, ती कुठे आहे?

मी म्हणाले, "वो अब नहीं आती."

तुम्हाला तेलुगू येतं का?

"नहीं."

बघा, किती सोपं असतं. तिने हिंदी शब्द शोधत शोधत सगळं सांगितलं. आई गेली. बतुकम्माला आठ दिवस होते. भावाने कळवलं नाही, कार्य झाल्यावर भावजयीने चोरून फोन केला. भावजय म्हणाली, अम्मा शेवटपर्यंत म्हणत होती, दवाखान्यातली आपल्याकडची पोरगी म्हणालीय, बरं होईल; सण झाला की मला बोधनला – आणि सायलू आत आला की गप्प व्हायची. त्या मुलीशी अम्मा तासन्‌तास बोलायची म्हणे. ती काय बोलायची, ते विचारायला ही आली होती. भांडायला नाही. कुणी खोटं सांगितलं याचा जाब विचारायला नाही. तिला फक्त एवढं हवं होतं – आईने माझं नाव घेतलं का?

मी टेबलावरचे केसपेपर सारखे करत होते. म्हणाले, "मालूम नहीं."

ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. योगायोगाने त्याच, असं लिहिलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. बाक तिथे दोनच होते. नवरा तिच्याजवळ उभा राहिला, आणि ती त्याच्याशी तेलुगूत बोलायला लागली. मोठ्याने, मोकळेपणाने, कारण ऐकणाऱ्या कुणाला कळत नव्हतं. म्हणाली, ती दाराशीसुद्धा आली नव्हती. मी पोरीला घेऊन उन्हात उभी होते, पाणी मागत होते, आणि ती मागच्या अंगणात बसून होती. मरतानाही मी तिला आठवले नसेन. उगीच आलो आपण.

चार पावलांवर मी. प्रत्येक शब्द कळत होता. ती दाराशी होती – हे जगात फक्त मला माहीत होतं. आत, दाराला हात टेकून, तू जाईपर्यंत. तुझ्या मुलीचा आवाज तिने ओळखला होता. एवढी तीन वाक्यं. तोंड उघडायचं होतं. तेव्हा सत्कार नव्हता, साडी नव्हती, घड्याळाची घाई नव्हती. सायलू नव्हता. काही म्हणजे काही आड येत नव्हतं. फक्त तोंड उघडलं असतं तर ती वळून म्हणाली असती, म्हणजे ती तूच.

मी उघडलं नाही. जाताना नवरा टेबलाशी आला आणि हिंदीत म्हणाला, "वो लडकी आई तो बोलो, बोधन बसस्टँड के सामने मेरा टायर का दुकान है. कभी भी आओ बोलो." मी मान हलवली. तो थँक्यू म्हणाला.

मी त्यानंतरही वर्षभर ते काम केलं. सोडून दिलं असतं तर काहीतरी टोचलं असं तरी म्हणता आलं असतं. नाही सोडलं. प्रमाणपत्र वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणार होतं.

आता मी लातूरला एका कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्याकडे निलंगा, उदगीरकडची मुलं येतात, घरी कन्नड बोलणारी. तीन वर्षांपूर्वी मीच पुढाकार घेऊन त्यांचा गट केला. ती मुलं दवाखान्यात, ऊसतोडीच्या कोप्यांवर जातात, मधे उभी राहून बोलणं पोचवतात. चांगली मुलं आहेत. आणि दर वर्षी पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे भाषण करते. त्यात गंगव्वा असते. नाव बदललेलं. त्या भाषणात मी तिचा हात हातात घेते, तिला तिच्या भाषेत धीर देते, आणि ती माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवते. हात तिने फिरवलाच होता, तेवढं खरं आहे. मुलींचे डोळे भरून येतात. मग टाळ्या.

या वर्षी भाषण झाल्यावर एक मुलगी मागे थांबली. निलंग्याची, सतरा-अठराची, धीट. म्हणाली, "मॅडम, त्या आजीला खरं काय हाय ते कळलं होतं का शेवटी?"

मी म्हणाले, हो. मीच सांगितलं होतं.

ती "बरं झालं" म्हणाली आणि गेली. मोजून पाहिलं तर एकाच बाईबद्दल हे माझं चौथं खोटं – तिच्याशी, डॉक्टरांशी, तिच्या मुलीशी, आणि आता या पोरीशी. म्हणून लिहायला बसले. पश्चात्तापाने वितळून वगैरे नव्हे. मला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या टाळ्यांचा.

पुढच्या वर्षी ते भाषण मी करणार नाही. याने काही फिटत नाही, मला माहीत आहे. मी वाईट बाई नाही, असं म्हणायची माझी इच्छा नाही. फार वाईट आहे असं म्हणून तुमच्याकडून 'नाही हो' काढून घ्यायचीही नाही. मी हे केलं. दोनदा. दुसऱ्यांदा तर कुणी करायला सांगितलेलंही नव्हतं.

लातूरहून नांदेड, नांदेडहून बोधन. सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं. टायरचं दुकान आहे की नाही, मी पाहिलेलं नाही. फोन लावून विचारलेलं नाही. तिच्या आईने सांगितलेली तीन वाक्यं मी वर लिहिली आहेत, जशीच्या तशी. राजिताला मराठी वाचता येत नाही. मला तेलुगू लिहिता येतं, आईने पाटीवर गिरवून घेतलं होतं. तरी हे मी मराठीत लिहिलं.